के-२२ चा सोनेरी खोका: नंबर जुळल्याचं एक प्रकरण

काकांनी खोका टेबलावर ठेवला तो दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यात टाक ठेवावा तसा. झाकण उघडायच्या आधीच त्यांनी तो उलटा केला आणि तळाकडे बोट दाखवलं. पुठ्ठ्यावर काळ्या मेणपेन्सिलीने लिहिलेला नंबर होता. पुढे के, मग पाच आकडे.

"बघ गं. नंबरासकट. माझाच नंबर!"

मी कागद आणि पुठ्ठा जतन करण्याचं काम करते. जुनी पत्रं, नकाशे, वह्या, क्वचित एखादी कुंडली. बंदुकांचं मला फारसं कौतुक नाही. काका मात्र अमेरिकेत नोकरीला आले आणि पहिल्या काही वर्षांतच या नादाला लागले. त्यांच्याकडे जुन्या रिव्हॉल्वर आहेत आणि अमेरिकन सरकारचा 'क्युरिओ अँड रेलिक' परवानाही आहे. पन्नास वर्षांहून जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांसाठीचा हा परवाना. पण गेली काही वर्षं त्यांचा जीव शस्त्रांपेक्षा त्यांच्या खोक्यांत जास्त अडकलाय. "पोलाद काय, कुणाच्याही हातून टिकतं. पुठ्ठा टिकला तर कुणीतरी जपला म्हणून टिकला," असं ते म्हणतात. एवढ्या एका बाबतीत आमचं एकमत आहे.

हे प्रकरण त्या एका खोक्याचं.

आधी काय घडलं होतं

काकांकडे स्मिथ अँड वेसनची के-२२ मास्टरपीस आहे. .२२ गोळीची, सहा इंची नळीची, निशाणेबाजीसाठी बनवलेली रिव्हॉल्वर. या जातीचं युद्धपूर्व रूप १९३० च्या दशकात आलं. काकांकडची दुसऱ्या महायुद्धानंतरची, म्हणजे ज्या मालिकेत सिरीयल नंबराआधी 'के' लागतो त्यातली. तो 'के' फक्त के-२२ चा नाही. त्याच मालिकेत के-३२ आणि के-३८ यांनाही नंबर दिले गेले. त्यामुळे खोक्याच्या तळाला 'के' दिसला म्हणून तो खोका के-२२ चा ठरत नाही. ते बाजूचं लेबल सांगतं.

रिव्हॉल्वर त्यांनी शस्त्रप्रदर्शनातल्या एका टेबलावरून घेतली, खोक्याविना. माल चोख होता. मुठीच्या तळाचा नंबर, सिलिंडरच्या मागचा, नळीच्या खालचा, सगळे एकच. उजव्या बाजूची लाकडी मूठ काढली तर आतल्या अंगालाही तोच नंबर. कंपनीच्या दप्तरावरून मिळणारं पत्रही त्यांनी मागवलं. कोणत्या तारखेला, कोणत्या रंगरूपात, कोणत्या व्यापाऱ्याकडे माल रवाना झाला, हे त्या पत्रात असतं. खोक्याबद्दल अर्थातच चकार शब्द नसतो.

युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत या रिव्हॉल्वर सोनेरी कागद चढवलेल्या दोन भागांच्या खोक्यांत यायच्या. तळ वेगळा, झाकण वेगळं. संग्राहक त्याला नुसतं 'गोल्ड बॉक्स' म्हणतात. आत नेहमीची ठरलेली मंडळी: सफाईची सळई, ब्रश, मागची माशी (नेम धरायची खूण) हलवायला छोटा स्क्रू-ड्रायव्हर, सूचनांचा कागद. आणि तळाला कारखान्यातल्या कुणीतरी हाताने घाईघाईत टाकलेला नंबर.

हा हाताने टाकलेला नंबर म्हणजे या सगळ्या छंदाचा मर्मबिंदू. नंबर न जुळणारा, पण त्याच काळाचा खोका चांगला समजला जातो. नंबर जुळणाऱ्या खोक्याची किंमत मात्र भलतीच चढते, कारण मग ती रिव्हॉल्वर आणि तो खोका कारखान्याच्या दारातून एकत्र बाहेर पडले असं म्हणता येतं.

आता काकांनी काय केलं? त्यांनी छोटी कार्डं छापून घेतली. 'हवा आहे: के-२२ चा सोनेरी खोका.' खाली फोन नंबर. आणि उत्साहाच्या भरात रिव्हॉल्वरचा अख्खा सिरीयल नंबर. ही कार्डं त्यांनी वर्षभरात प्रत्येक प्रदर्शनात टेबलाटेबलावर वाटली.

आठ महिन्यांनी फोन आला. एका विक्रेत्याच्या हाती कुणाच्या तरी मृत्यूनंतर निघालेला माल लागला होता आणि त्यात हा खोका होता. नंबर तोच. खोक्याचे ३५० डॉलर. पटलं नाही तर पाच दिवसांत परत, पैसे परत. काकांनी पैसे पाठवले आणि खोका हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. तपासायला नव्हे हं. कोपरा उसवलाय तो चिकटवून द्यायला.

खोका खोटा नव्हता

इथे मला आधीच सांगायला हवं, कारण ऐकणारे लगेच 'नकली खोका' असं धरून चालतात. नकली खोके आणि नकली लेबलं असतात, 'प्रतिकृती' म्हणून उघडपणे विकलीही जातात. त्यात गैर काही नाही. मग कुणीतरी ती चहाच्या पाण्यात बुडवतो, कोपरे घासतो, आणि तिसऱ्या हातात जाईपर्यंत 'प्रतिकृती' हा शब्द गळून पडतो. असा माल भिंगाखाली फार वेळ टिकत नाही. जुनी ठशाची छपाई कागदात किंचित रुतलेली असते आणि अक्षराच्या कडेला शाई दाबून बाहेर आल्याची बारीक किनार दिसते. घरगुती प्रिंटरच्या छपाईत रंगांचे ठिपके शिंपडल्यासारखे दिसतात. लेझर प्रिंटरची भुकटी कागदावर चकचकीत बसलेली असते.

काकांच्या खोक्याचं लेबल या परीक्षेत सहज पास झालं. मग यूव्ही टॉर्च. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत साधारण १९५० नंतर रुळली. असा कागद अतिनील प्रकाशात निळसर पांढरा पेटून उठतो. त्याआधीचा कागद मंद, पिवळट, कधी जांभळट राहतो. लेबल मंद. अस्तराचा कागद मंद. झाकणाच्या आतली पट्टी मंद. सोनेरी कागदही जुना वाटत होता. असल्या सोनेरी छपाईत सहसा पितळेची भुकटी असते आणि बोटांच्या घामाने ती काळवंडते. इथे झाकणाच्या दोन्ही लांब बाजूंना, उघडताना जिथे बोटं पडतात नेमकं तिथे, हिरवट काळे डाग होते. ही झीज घासून आणता येत नाही. ती उघड-मीट केल्यानेच येते.

लेबलावर 'के-२२ मास्टरपीस' असं नाव होतं. हीसुद्धा साक्षच. स्मिथ अँड वेसनने १९५७ साली आपल्या मालाला मॉडेल क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि के-२२ ची 'मॉडेल १७' झाली. लेबलावर १७ असता तर खोका नंतरचा ठरून प्रश्न तिथेच मिटला असता.

अस्तरावर तेलाची सावलीही होती. नळीची लांब रेघ, सिलिंडरचा फुगवटा, मुठीची वळणदार कड. सहा इंची नळी तिच्यावर बरोबर बसली. काका खूश. मीही थोडी निवांत झाले. पण ती सावली कोणत्याही सहा इंची के-२२ ची असू शकते, हे तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिली शंका खोक्याची नव्हतीच

ती आली सूचनांच्या कागदावरून. टॉर्च त्याच्यावर गेला आणि तो ट्यूबलाइटसारखा उजळला. उलगडून पाहिला. कंपनीच्या पत्त्यात स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स, आणि पुढे पाच आकडी झिप कोड. अमेरिकेत झिप कोड १ जुलै १९६३ ला सुरू झाले. काकांच्या पत्रानुसार रिव्हॉल्वर रवाना झाली त्याला तेव्हा बरीच वर्षं उलटली होती.

"हा कागद मागाहून टाकलाय, काका."

"टाकू दे ना! दुकानदार टाकतात भरती. खोका तर खरा आहे?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खोक्यातल्या वस्तू कायम फिरत असतात. कुणाची सळई कुणाच्या खोक्यात, कुणाचा ब्रश तिसऱ्याच खोक्यात. एवढंच काय, खोकेही पहिल्या दिवसापासून अदलाबदल होतात. दुकानदार दोन-चार रिव्हॉल्वर काचेच्या कपाटात मांडायचा, खोके मागे रचून ठेवायचा आणि गिऱ्हाईक आलं की हाताला येईल तो खोका द्यायचा. त्यामुळे नंबर जुळला नाही म्हणजे कुणी फसवलं असं होत नाही. उलट न जुळणं हेच जास्त स्वाभाविक.

भरतीचा कागद म्हणजे फसवणूक नव्हे. पण कुणीतरी हा खोका 'पूर्ण' करायला बसलं होतं, एवढं त्यातून कळलं. आणि एकदा माणूस पूर्ण करायला बसला की कुठे थांबतो, हे बघणं आलं.

तळाचा नंबर

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. खोली अंधारी केली, खोका उलटा ठेवला आणि छोटा टॉर्च पुठ्ठ्याला जवळजवळ टेकवून आडवा धरला. शेतात संध्याकाळचं ऊन पडलं की ढेकळांच्याही सावल्या लांब होतात, तसंच होतं हे. वरून गुळगुळीत दिसणारा पुठ्ठा एकदम डोंगरदऱ्यांचा दिसायला लागतो.

नंबराच्या पाच आकड्यांपैकी शेवटच्या चारांखाली पुठ्ठ्याचे तंतू उभे राहिले होते. 'के' आणि पहिल्या आकड्याखाली तसं नव्हतं. तिथे पुठ्ठा दाबलेला, वर्षानुवर्षांच्या मळाने तुकतुकीत. मेणपेन्सिलीचं लिखाण रबराने जात नाही, फरफटतं. ते काढायचं तर पात्याने खरवडावं लागतं आणि खरवडलं की तंतू उठतात. उठलेल्या तंतूंवर पुन्हा मेण फिरवलं की ते तंतूंच्या टोकांना गोळ्यांसारखं अडकतं. भिंगातून ते अगदी काजळ घातलेल्या पापण्यांसारखं दिसत होतं.

म्हणजे 'के' जुना. पहिला आकडा जुना. पुढचे चार नवे.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कारखान्यातच चुकला असेल नंबर. पोराने खोडून परत लिहिला असेल."

ही शक्यता झटकून टाकण्यासारखी नव्हती. हाताचं काम, चूक होणारच. तेव्हा प्रश्न असा झाला: नवे आकडे कधी लिहिले? १९५० च्या आगेमागे की गेल्या वर्षी?

उत्तर एका भेगेने दिलं. खोक्याच्या तळाला, आकड्यांच्या मधोमध, पुठ्ठ्याला एक जुनी आडवी भेग होती. कधीतरी काहीतरी जड वर ठेवल्याने पडलेली. भेगेच्या आतल्या भिंती मळलेल्या, म्हणजे ती काल-परवाची नव्हे. आता नंबर आधी आणि भेग नंतर असेल तर रेघ भेगेपाशी तुटते. दोन तुकडे होतात आणि मधे पुठ्ठ्याचा कोरा गाभा दिसतो. पहिल्या, जुन्या आकड्याचं असंच झालं होतं. त्याच्या पायाची रेघ स्वच्छ दुभंगली होती. पण तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यात मेण भेगेच्या दोन्ही ओठांवर जाड जमलं होतं आणि एका ठिकाणी आत उतरलं होतं. मळाच्या वर.

भेग पडली, तिच्यात मळ साचला आणि मग कुणीतरी त्यावरून पेन्सिल फिरवली. कारखान्यातल्या पोराचा काही दोष नव्हता.

मी टॉर्च काकांच्या हातात दिला आणि त्यांनाच बघू दिलं. हे सांगून पटत नाही, दिसावं लागतं. त्यांनी भिंग लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "माझा नंबर त्याला मीच दिला होता ना?"

हो. कार्डावर छापून.

जुना नंबर कोणता होता

तिरक्या उजेडात खरवडलेल्या भागात जुन्या रेघांच्या खाचा पुसटशा दिसत होत्या. मेणपेन्सिल मऊ असते, फार रुतत नाही. पण लिहिणाऱ्याने घाईत जोर दिला होता आणि खालचा पुठ्ठाही मऊ. आम्ही टॉर्च चारही बाजूंनी फिरवून फोटो काढले आणि ते एकावर एक ठेवून पाहिले. दुसरा आकडा ७, यावर दोघांचं एकमत झालं. तिसरा ३ किंवा ८. चौथा काही केल्या वाचेना, पातं तिथेच खोल गेलं होतं. पाचव्याची शेपटी खाली वळलेली, बहुधा ९.

एवढ्यावरून त्या दुसऱ्या रिव्हॉल्वरचा पत्ता लागत नाही. पण ती कुठेतरी असेल. पोलाद टिकतं. आणि तिच्या मालकाने कधी खोका शोधलाच, तर त्याचा खरा नंबर या खोक्यावर आता कुणालाच दिसणार नाही. मला चीड आली ती याची. अमेरिकेत सिरीयल नंबर खोडलेलं शस्त्र जाणूनबुजून जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पुठ्ठ्यावरच्या नंबराला तो कायदा लागू नाही. फसवून विकलं तर तो फसवणुकीचा मामला होतो, पण ते सिद्ध कोण करत बसणार?

नव्वद टक्के खरी वस्तू चार आकड्यांपायी बिघडवली होती. तो खोका नंबर न जुळणारा, प्रामाणिक गोल्ड बॉक्स म्हणून विकला असता तर काकांनी आनंदाने घेतला असता. थोडी घासाघीस केली असती, एवढंच.

परत करावा की ठेवावा

पाच दिवसांच्या मुदतीतला तिसरा दिवस होता. माझं मत सरळ होतं: फोटो पाठवा, खोका परत, पैसे परत. काकांनी फोन केला. पलीकडचा माणूस चिडला नाही, गडबडला नाही. "मला असाच आला," एवढंच. पैसे परत द्यायला तयार. खोका ठेवणार असाल तर १५० डॉलर कमी करतो, म्हणाला.

काकांनी ठेवला.

"परत पाठवला तर काय होईल, सांग ना? तो पुन्हा खरवडेल. दुसऱ्या कुणाचं कार्ड असेल त्याच्या खिशात."

मला ते तेव्हा पटलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. ज्याने केलं (किंवा ज्याने करणाऱ्याकडून घेतलं), त्याच्या खिशात २०० डॉलर राहिलेच. पण खोक्याच्या बाजूने बघितलं तर काकांचं बरोबर आहे, हे मला नाकारता येत नाही. आणि मी खोक्याच्या बाजूने बघायचेच पैसे घेते.

मग पुढचा प्रश्न. काकांना तो खोटा नंबर पुसून हवा होता. "डोळ्यांना खुपतो." मी नकार दिला. एक तर तो काढायला मलाही तेच पातं लागणार आणि उरल्यासुरल्या खाचाही जाणार. दुसरं, खोडाखोड हाच आता त्या खोक्याच्या इतिहासाचा भाग आहे. तो लपवला तर माझ्यात आणि त्या विक्रेत्यात काय फरक? शेवटी ठरलं ते असं: नंबराला हात लावायचा नाही. आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीवर तपासणीचा गोषवारा पेन्सिलीने लिहायचा, फोटो सोबत जोडायचे आणि चिठ्ठी न चिकटवता आत ठेवायची. झिप कोडवाला सूचनांचा कागद वेगळ्या पाकिटात, 'मागाहून घातलेला' असं लिहून.

उसवलेला कोपरा मी जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या खळीने जोडला. ते काम पाण्याने पुन्हा सोडवता येतं. दुसऱ्या कोपऱ्याला कुणीतरी पूर्वी सेलोटेप लावली होती, तिचा पिवळा चट्टा तसाच ठेवला. चट्टा काढायला द्रावण लावावं लागतं आणि त्यात सोनेरी रंग हलायची भीती होती.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. रिव्हॉल्वर त्या खोक्यात ठेवायची नाही. संग्राहकांना हे ऐकायला आवडत नाही. झाकण उघडावं आणि आत ती पहुडलेली दिसावी, यातच त्यांचं सुख. पण जुना पुठ्ठा आम्लधर्मी असतो आणि हवेतली ओल धरून ठेवतो. पोलाद त्याला टेकलं की नेमक्या टेकल्या जागी गंजाचे ठिपके उठतात. उलट बाजूने शस्त्राचं तेल पुठ्ठ्यात मुरतं, लेबलापर्यंत पोचतं आणि कागद पारदर्शक करून टाकतं. दोघं एकमेकांना खातात. आता रिव्हॉल्वर तिजोरीत असते. खोका वेगळ्या, आम्लरहित पेटीत, आत टिश्यू कागदाचे बोळे भरून, म्हणजे झाकण दबणार नाही. खोलीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि पेटी बाहेरच्या भिंतीला न टेकलेली.

काकांनी नवी कार्डं छापली आहेत. त्यांवर नंबर नाही. कुणाचा फोन आला आणि 'तुमचा नंबर काय?' असं विचारलं, तर ते म्हणतात, "आधी तुम्ही तुमचा वाचा." तळाचा फोटो ते दोन मागतात: एक समोरून, एक टॉर्च आडवा धरून. दुसरा फोटो मागितला की निम्मे फोन तिथेच थंडावतात, असं त्यांचं म्हणणं. मोजले आहेत का, असं मी विचारलं नाही.

प्रदर्शनात आता त्यांची आणखी एक सवय झाली आहे. एखाद्या टेबलावर के-२२ दिसली की परवानगी घेऊन ते ती उलटी करतात आणि मुठीच्या तळाचा नंबर वाचतात. खिशातल्या चिठ्ठीवर पाच घरं आखलेली आहेत: पहिला आकडा, मग ७, मग ३ किंवा ८, मग रिकामं, मग ९. मागच्या खेपेला मी बरोबर होते. त्यांनी चार पाहिल्या. एकीचा तिसऱ्या आकड्यापर्यंत जुळला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. शेवटी ४ होता.

"९ नाही ना?" त्यांनी मला वाचायला सांगितलं.

४ च होता.

त्यांनी रिव्हॉल्वर टेबलावर अलगद ठेवली, मालकाचे आभार मानले आणि आम्ही पुढच्या टेबलाकडे गेलो.